मित्राच्या परसातली केळ नेमकी कोणती? पिल आणण्याआधी आणि आणल्यावर करायच्या तपासण्या

पावसाळ्याच्या तोंडाशी माझ्या फोनवर केळीच्या पिलांचे, म्हणजे बुंध्याशी फुटणाऱ्या रोपांचे, फोटो यायला लागतात. कुणी अमळनेरहून पाठवतं, कुणी शहाद्याहून, आणि खाली एकच ओळ: "भाऊ, हाई कोनती केय शे?" फोटोत हातभर उंचीचं पिल, दोन-तीन अरुंद पाती आणि मागे मोटारसायकलचं चाक. मित्राच्या मळ्यातून किंवा आत्याच्या परसातून आणलेलं असतं. नाव ठाऊक नसतं, किंवा ठाऊक असतं आणि ते चुकीचं असतं. दुसरा प्रकार जास्त.

रावेर-यावल-चोपड्याच्या पट्ट्यात केळी सगळ्यांनाच कळते, मग घोळ का होतो? कारण शेतात आपण पाहतो ती बहुतेक सगळी एकाच घराण्यातली: बसराई, श्रीमंती, महालक्ष्मी, ग्रँड नैन. हे सगळं कॅव्हेंडिश कूळ. परसात मात्र कुठूनही आलेली केळ असते. वसईच्या पाहुण्यांनी दिलेली, कर्नाटकातून बदली होऊन आलेल्या शेजाऱ्याने लावलेली, नर्सरीतून 'वेलची' म्हणून घेतलेली. शेतातला अंदाज तिथे चालत नाही.

आधी तक्रारी. तुमची यातली कोणती ते बघा, म्हणजे पुढचं सगळं करावं लागणार नाही.

- वेलची म्हणून आणली, घड लागला तर केळं वीतभर लांब.
- केळं मऊ पडलं, वास सुटला, पण साल हिरवीच.
- कितीही ठेवलं तरी केळं घट्ट, पिठूळ. तसं खाल्लं तर घशाखाली उतरत नाही.
- घडाला दोन-तीनच फण्या, त्यातही मोजकीच केळी.
- कोवळ्या पानांवर तांबडे-जांभळे डाग, म्हणून 'लाल केळ' समजून जपली. पुढे डागच गेले.
- लाल केळीच्या बेटातून एक खोड हिरवं निघालं.
- मित्राकडे डोक्याच्या खाली असलेली केळ आपल्याकडे छपराला लागली.
- केळ्यात काळ्या, कडक बिया.
- वर्षं गेली तरी बुंध्याशी एकही पिल नाही.
- पानांवर पिवळे पट्टे, पानं आखूड आणि उभी.

शेवटच्या तक्रारीचा जातीशी काहीही संबंध नाही. तो रोग आहे, आणि त्यासाठी हा लेख वाचत न बसता खालची दुसरी तपासणी आत्ताच करा.

पहिली तपासणी: मालकाला विचारा, आणि पिल नव्हे, आई बघा

खर्च शून्य, आणि निम्मे घोळ इथेच मिटतात. पिलावरून जात ओळखता येत नाही. चांगलं पिल म्हणजे तलवारी पिल. त्याची पाती सगळ्याच जातींत अरुंद असतात. देठ, खोडाचा रंग, पानाची रुंदी हे सगळं खोड मोठं झाल्यावर उघडं पडतं. म्हणून पिल हातात घेऊन तर्क करत बसू नका, मित्राच्या परसात जाऊन मोठं खोड बघा. शक्य असेल तर निसवलेलं, म्हणजे घड बाहेर पडलेलं.

मित्राला विचारायचं ते हे: ही मुळात कुठून आली? केळी पिकवून खाता की भाजी करता? घडाला किती फण्या येतात? लावल्यापासून निसवायला किती महिने लागले? 'जात कोणती' हा प्रश्न मात्र सगळ्यात शेवटी विचारा. आधी नाव कानावर पडलं की डोळे तेच बघतात.

आणखी एक. परसातलं बेट जुनं असेल तर त्यात दोन जाती मिसळलेल्या असू शकतात. घड एका खोडाचा बघायचा आणि पिल शेजारच्या खोडाचं उपटायचं, हा प्रकार फार होतो. 'वेलचीऐवजी वीतभर केळं' ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. पिल ज्या बुंध्याला जोडलेलं आहे, तो बुंधा मातीत बोटं घालून शोधा.

याच फेरीत ती केळ आहे ना, हेही बघून घ्या. हेलिकोनिया आणि ट्रॅव्हलर्स पाम यांची पानं केळीसारखीच दिसतात, पण ती समोरासमोर दोनच रांगांत येतात. केळीची पानं खोडाभोवती गोल फिरत येतात. वरून बघितलं की लगेच कळतं.

बेटच नसेल, एकटं खोड असेल, बुंधा कांद्यासारखा फुगलेला असेल आणि पिलं कधीच आली नसतील, तर ती बहुधा चवई. सह्याद्रीच्या कड्यांवर वाढणारी ही रानकेळ. ती बियांवरच वाढते, एकदा निसवली की मरते, आणि केळ्यात मोठ्या काळ्या बिया असतात. पिलाची वाट बघू नका.

दुसरी तपासणी: ही जात आहे की रोग?

ही तपासणी अवघड नाही, फुकटच आहे, पण चुकवली तर सगळ्यात महाग पडते. केळ पिलावर वाढते, त्यामुळे आईच्या अंगातला विषाणू पिलाबरोबर तुमच्या अंगणात येतो. तिथून मावा तो शेजारच्या शेतात नेतो. परसातल्या एका खोडाने दुसऱ्याचा बाग बसू शकतो.

कुकुंबर मोझॅक, ज्याला आपल्याकडे हरण्या म्हणतात, त्यात पानाच्या शिरांमध्ये फिकट पिवळे तुटक पट्टे दिसतात, पान आखडतं, आणि जोर झाला तर पोंगा (मधलं न उलगडलेलं पान) सडतो. काकडीवर्गीय वेली, टोमॅटो, मिरची यांच्यावरून मावा तो केळीवर आणतो, म्हणून परसात भोपळ्याच्या मांडवाशेजारी केळ असेल तर जास्त डोळसपणे बघा. दुसरा विषाणू पर्णगुच्छाचा: त्यात पानं अरुंद, ताठ आणि एकाच जागी गच्च येतात. देठ उजेडात धरला तर गडद हिरव्या बारीक रेघा आणि ठिपके दिसतात. या दोन्हींवर औषध नाही. खोड कंदासकट काढून नष्ट करणं एवढंच हातात असतं.

तिसरा मर रोग, हा बुरशीचा. खालची पानं पिवळी पडून खोडाभोवती लोंबकळतात, बुंध्याशी खोड उभं चिरतं. पिल काढल्यावर कंदाचा पातळ काप घ्या: आतून पांढरा स्वच्छ असला पाहिजे. तांबूस-तपकिरी ठिपके किंवा वलय दिसलं तर ते पिल जिथलं तिथे ठेवा, विळा धुवा आणि चपलेची मातीसुद्धा घरी आणू नका. या बुरशीचा कॅव्हेंडिशलाही मारणारा प्रकार बिहार आणि उत्तर प्रदेशात सापडलेला आहे, आणि तो मातीत कित्येक वर्षं टिकून राहतो.

तांबड्या डागांची तक्रार मात्र निर्धास्त. टिश्यूच्या (प्रयोगशाळेत ऊतीपासून वाढवलेल्या) कोवळ्या रोपांच्या पानांवर, बसराईच्या पिलांवरही, तांबडे-जांभळे डाग असतात. खोड मोठं झालं की नवी पानं स्वच्छ हिरवी येतात. तो रोग नाही आणि ती लाल केळही नाही. लाल केळीचं खोड आणि देठच तांबूस-जांभळे असतात, आणि ते मोठेपणी जास्त ठसठशीत दिसतात.

तिसरी तपासणी: खोडाची वाळलेली साल सोला

मोठ्या खोडावरची एक-दोन वाळकी सालपटं ओढून काढा आणि आतला ओला भाग कपड्याने पुसून घ्या. धूळ आणि वाळकं पान यांनी झाकलेल्या खोडावर रंग बघण्यात अर्थ नाही.

काळे-तपकिरी डाग भरपूर असतील तर कॅव्हेंडिशकडे कल. पिवळट हिरवं आणि जवळजवळ बिनडागाचं उंच खोड असेल तर सफेद वेलचीची शक्यता, तीच जी कर्नाटकात एलक्की बाळे म्हणून विकतात. पानाच्या मधल्या शिरेच्या पाठीवर गुलाबी झाक असेल तर लाल वेलची, म्हणजे तामिळनाडूतली पूवन, तपासून बघा. स्वच्छ हिरवं, पांढुरकी भुकटी धरलेलं जाड खोड असेल तर भाजीच्या केळ्यांचा गट.

हे डाग का बघायचे? आपण खातो त्या जवळजवळ सगळ्या केळी दोन रानटी पूर्वजांच्या मिश्रणातून आल्या: मुसा अक्युमिनाटा आणि मुसा बाल्बिसियाना. पहिल्याचं खोड डागाळ, दुसऱ्याचं स्वच्छ. डाग किती यावरून केळ कोणाकडे झुकलेली आहे याचा पहिला अंदाज येतो. नुसता अंदाज. उन्हाने भाजलेल्या खोडावरचे काळे चट्टे आणि हे डाग यांत गफलत होते, आणि आपल्या मे महिन्यात पश्चिमेची बाजू भाजलेली असतेच. म्हणून डाग सावलीच्या बाजूचे बघा.

लाल केळीच्या बेटातून हिरवं खोड निघालं तर मित्रावर रागावू नका. लाल केळीत असा पालट आपोआप होतो. चव तीच राहते, रंग जातो.

चौथी तपासणी: देठाची पन्हळ

मला एकच तपासणी करू दिली तर मी ही करीन. एक पान जातं, बाकी खर्च नाही.

मोठ्या खोडावर वरून तिसरं पान घ्या. देठ पान आणि खोड यांच्या मध्यावर धारदार विळ्याने आडवा कापा आणि कापलेलं तोंड समोर धरा. देठाची वरची बाजू पन्हळीसारखी असते. कॅव्हेंडिशमध्ये ती उघडी असते, दोन्ही कडा बाहेरच्या बाजूला फाकलेल्या, आणि खाली खोडाजवळ त्या कडांना वाळका, कागदासारखा पातळ पदर असतो. भाजीच्या केळ्यांत कडा आत वळून एकमेकींना भिडतात, पन्हळ जवळपास मिटते, आणि खाली देठ खोडाला घट्ट धरून बसतो. वेलची जाती या दोहोंच्या मध्ये.

कापल्यावर लगेच बघा आणि लगेच फोटो काढा. कापलेल्या तोंडातून चीक निघतो आणि थोड्या वेळात सगळं तपकिरी होतं. चिकाचे डाग कपड्यावरून जात नाहीत, तेव्हा ऑफिसच्या शर्टात हे उद्योग नकोत. अगदी वरचं, नुकतं उलगडलेलं पान घेऊ नका, त्याची पन्हळ अजून मोकळी झालेली नसते; खालचं वाळत चाललेलंही नको, त्याच्या कडा सुकून आत वळतात आणि कॅव्हेंडिशसुद्धा भाजीची केळ वाटते.

इथपर्यंत आलात तर गट ठरलेला असतो. परसासाठी एवढं पुरतं. खावी की शिजवावी, आधार लागेल का, पाणी किती ओढेल, हे सगळं गटावरून कळतं. जातीच्या नेमक्या नावाने त्यात फारशी भर पडत नाही.

पाचवी तपासणी: निसवेपर्यंत थांबा, आणि कमळ मोडू नका

आपल्याकडे शेवटची फणी सुटली की कमळ, म्हणजे घडाच्या टोकाचं फूल, मोडतात. घडासाठी ते बरोबर. पण जात ओळखायची तर निम्मा पुरावा त्या कमळातच असतो. मित्राला सांगून ठेवा, एका घडाचं कमळ राहू दे.

कमळाची लाल पाकळी उघडली की काय करते ते बघा. मागे गुंडाळी होत असेल तर अक्युमिनाटाकडचा कल; नुसती वर उचलून तशीच ताठ राहत असेल तर बाल्बिसियानाकडचा. पाकळी तोडून आतला रंग बघा: आतला लाल रंग बुडाशी फिकट पिवळा होत जातो की शेवटपर्यंत भडक राहतो? पहिलं अक्युमिनाटाचं, दुसरं बाल्बिसियानाचं. घडाच्या दांड्यावर बोट फिरवा. बारीक लव लागली तर अक्युमिनाटा, गुळगुळीत असेल तर बाल्बिसियाना. बसराईची एक खूण वेगळी: घडाखालच्या दांड्यावर नर फुलं आणि पाकळ्या गळून न पडता तशाच वाळून चिकटलेल्या राहतात.

सिमंड्स आणि शेफर्ड या दोघांनी 1955 मध्ये अशाच 15 खुणांची गुणपत्रिका बनवली. प्रत्येक खुणेला 1 ते 5 गुण. 1 म्हणजे पूर्ण अक्युमिनाटा, 5 म्हणजे पूर्ण बाल्बिसियाना. गटाच्या नावातला ए अक्युमिनाटाचा, बी बाल्बिसियानाचा. बेरीज 15 ते 23 आली तर कॅव्हेंडिश ज्यात येतं तो एएए गट. 24 ते 46 म्हणजे एएबी, ज्यात राजेळी आणि लाल वेलची येतात. 49 च्या आसपास एबी, म्हणजे सफेद वेलची. 59 ते 63 म्हणजे एबीबी, भाजीची केळी बहुतेक इथे. घरी आपल्याला सात-आठच खुणा नीट दिसतात, म्हणून बेरीज करून गटाचं नाव लावू नका. खुणा कोणत्या बाजूला झुकतात तेवढंच बघा.

थंडीत घड पोंग्यातून अर्धाच बाहेर येऊन अडकला तर तोही जातीचा दोष समजू नका. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात असं होतं. बसराईत जरा जास्त होतं इतकंच.

सहावी तपासणी: केळं

पिकूनही हिरवं राहणाऱ्या केळ्याचं उत्तर इथे. कॅव्हेंडिश साधारण 24-25 अंशांच्या वर पिकलं तर गर मऊ आणि गोड होतो, पण सालीतला हिरवा रंग पूर्ण जात नाही. जळगावच्या उन्हाळ्यात घरात, पोत्याखाली पिकवलेलं केळं हिरवट राहणारच. ती वेगळी 'हिरवी जात' नव्हे. तोच घड डिसेंबरात पिकवून बघा. वेलची आणि भाजीची केळी मात्र उन्हाळ्यातही पिवळी होतात, त्यामुळे मे महिन्यात घरी पिकलेलं केळं छान पिवळं झालं असेल तर कॅव्हेंडिशवर शंका घ्या.

पिकूनही घट्ट राहणारं, लांब, बाकदार, दोन-तीन फण्यांच्या घडाचं केळं बहुतेक राजेळी. वसईकडची सुकेळी त्याचीच. तसंच खाण्याचा हट्ट सोडा, तुपावर परता. आखूड, जाड सालीचं, ठळक कडांचं केळं म्हणजे भाजीचं.

केळं आडवं कापून बारीक काळे ठिपके बघा, ते न वाढलेल्या बियांचे. तीन कप्पे दिसतील. प्रत्येक कप्प्यात ठिपक्यांच्या दोन सरळ रांगा असल्या तर अक्युमिनाटा, चार वेड्यावाकड्या असल्या तर बाल्बिसियाना. भिंग लागतं आणि कच्चं केळं लागतं.

सातवी: शेजारी शेजारी लावा

बसराई की श्रीमंती की ग्रँड नैन, हा वाद फोटोवर मिटत नाही. बसराई साधारण पाच-सहा फूट, श्रीमंती तिच्याहून उंच, ग्रँड नैन आणखी उंच, एवढं सगळे सांगतात. पण उंची पाण्यावर, खतावर, अंतरावर बदलते. मृगबागेची (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली) आणि कांदेबागेची (पावसाळा सरता लावलेली) सारखी नसते. पिलबागेतलं, म्हणजे आधीच्या लावणीच्या पिलावर वाढवलेलं, खोड तर पहिल्या लावणीपेक्षा उंच जातंच. छपराला लागलेल्या केळीचं कारण बहुधा हेच: मित्राकडे मोकळ्यावर होती, तुमच्याकडे भिंतीच्या सावलीत उजेडासाठी वर चढली.

म्हणून खात्रीच्या बिलासह आणलेलं एक ग्रँड नैनचं रोप आणि हे अनोळखी पिल एकाच दिवशी, एकाच वाफ्यात, पाच-सहा फुटांवर लावा. ठिबकची नळी एकच. दोन्ही निसवल्यावर तुलना करा. वर्षभर जातं, पण याहून स्वस्त आणि खरं उत्तर नाही.

इथे थांबा

हरण्या, पर्णगुच्छ किंवा मर यांची शंका आली की ओळख पटवणं सोडा. पिल उपटून एसटीत घालून दाखवायला नेऊ नका, रोग रस्ताभर वाटाल. फोटो घ्या आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. जळगाव जिल्ह्यात पाल आणि ममुराबाद इथे आहेत. जळगावला राहुरी विद्यापीठाचं केळी संशोधन केंद्रही आहे.

परसातल्या पिलावरून शेत लावायचं मनात असेल तर तिथेही थांबा. कितीही गोड केळं असलं तरी हजार खोडांसाठी विषाणू तपासलेली टिश्यूची रोपंच घ्या. अशा तपासणीची व्यवस्था तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रात आहे. 1993 पासून केळीवरच काम करणारी ती संस्था आहे.

डीएनए तपासणीबद्दल विचारणारे असतात. गट ठरवायला ती उत्तम. पण कॅव्हेंडिश कुळातल्या जाती एकमेकींच्याच अंगातून पालट होऊन निघालेल्या आहेत, आणि नेहमीच्या चाचण्यांत त्या वेगळ्या दिसत नाहीत. बसराई-श्रीमंतीचा वाद मिटवायला पैसे घालू नका. अहवालात 'कॅव्हेंडिश' एवढंच येईल, आणि ते देठाच्या पन्हळीने आधीच सांगितलेलं असतं.

तज्ज्ञाकडे जाताना न्यायचं ते असं: पूर्ण खोडाचा फोटो, शेजारी मोजपट्टी धरून; सोललेल्या खोडाचा सावलीच्या बाजूचा; देठाच्या ताज्या कापाचा; कमळाच्या एका पाकळीचा आतून आणि बाहेरून; पूर्ण घडाचा; आडव्या कापलेल्या कच्च्या केळ्याचा. सोबत लावणीचा आणि निसवणीचा महिना लिहून न्या. हातभर पिलाचा फोटो घेऊन गेलात तर तेही मान हलवतील आणि म्हणतील, निसवल्यावर या.